रिटच्या चार्टखाली एक्स-डेटही छापा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार,

आपल्या पेपरात शेअरच्या चार्टवर सदर येतं ते मी बरीच वर्षं वाचतोय, सपोर्ट (भाव पडताना जिथे थांबतो ती पातळी), रेझिस्टन्स (चढताना जिथे अडतो ती), आरएसआय (भाव फार चढलाय की फार पडलाय ते सांगणारा आकडा) हे सगळं मी त्यातूनच शिकलो, त्यामुळे हे पत्र रागाचं नाही. पण हल्ली त्यात ऑफिसवाल्या रिटचे (म्हणजे लोकांचे पैसे गोळा करून भाड्याच्या इमारती घेणारा ट्रस्ट, त्याचे हिस्से म्हणजे युनिटं शेअरसारखीच बाजारात घेता-विकता येतात) चार्टसुद्धा यायला लागलेत आणि ते अगदी साध्या शेअरसारखेच वाचले जातात, त्यात आमच्या घरी काय झालं ते सांगतो.

बाबांचे पीएफचे थोडे पैसे आईच्या नावावर होते, ते एका ऑफिस रिटमध्ये घातले. आईला मी एवढंच सांगितलं की या मोठ्या मोठ्या ऑफिसांचं भाडं येतं आणि त्यातला आपला वाटा दर तीन महिन्यांनी बँकेत जमा होतो. ती त्याला "भाडं"च म्हणते आणि ते खरंच आहे, कारण सेबीच्या (शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमाने वाटण्याजोगी जी कॅश उरते तिच्यातली किमान 90 टक्के रिटला युनिटवाल्यांना द्यावीच लागते. मेसेज आला की फोन घेऊन माझ्याकडे येते, बघ रे आलं का.

दिवाळीनंतर चार्टवर सपोर्ट दिसत होता म्हणून ब्रोकरच्या माणसाने सांगितलं त्याच्या जरासा खाली स्टॉपलॉस (भाव तिथे आला की आपोआप विकायची ऑर्डर) लावून ठेवा, मी लावला. आकडे सोपे करून सांगतो. भाव 320, सपोर्ट 317, स्टॉपलॉस 316. डिस्ट्रिब्युशन (आई भाडं म्हणते तेच) जाहीर झालं युनिटमागे साडेपाच रुपये. एक्स-डेटच्या सकाळी भाव उघडला 315 ला, कारण त्या दिवसापासून घेणाऱ्याला ते साडेपाच रुपये मिळणार नाहीत तर तो तेवढे कमीच देणार ना! बाजारात काहीही वाईट घडलं नव्हतं. पण चार्टवर लाल कँडल, गॅपडाऊन (कालच्या भावाच्या बराच खाली उघडणं), सपोर्ट तुटला, आणि आमची सगळी युनिटं मी ऑफिसला पोचायच्या आत विकली गेली. डिस्ट्रिब्युशन मिळालं, ते बुडलं नाही, पण थोड्याच दिवसांत भाव परत वर आला आणि मला महाग घेऊन परत भरावं लागलं, शिवाय टॅक्समध्ये लाँग टर्म धरायला जे 12 महिने लागतात ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. आईला हे समजावताना मला फार वाईट वाटलं.

मी वापरतो त्या ॲपवर बोनस आणि स्प्लिटसाठी (शेअरची संख्या वाढते तेव्हा) मागचे भाव आपोआप दुरुस्त होतात, डिस्ट्रिब्युशनसाठी होत नाहीत. साध्या शेअरमध्ये वर्षाला एक-दोन टक्के डिव्हिडंड असतो तिथे हे चालून जातं. रिटमध्ये वरच्याच हिशोबाने वर्षाचे 22 रुपये, म्हणजे जवळपास 7 टक्के, चार हप्त्यांत भावातून बाहेर पडतात. दोनशे दिवसांची मूव्हिंग ॲव्हरेज (म्हणजे तेवढ्या दिवसांच्या भावांची सरासरी) काढताना ते धरलेच नाहीत तर ती रेघ काय सांगणार?

एम्बसीचंच बघा, देशातलं पहिलं रिट, एप्रिल 2019 मध्ये लिस्ट झालं, आयपीओचा भाव 300. डिसेंबर 2023 मध्ये भाव साधारण तिथेच, 300 च्या थोडा वर. चार्ट बघणारा म्हणेल पावणेपाच वर्षं साईडवेज (ना वर ना खाली), पैसे अडकले. पण तेवढ्या काळात युनिटमागे जवळपास 100 रुपये हातात आले होते, ते चार्टवर कुठेच नाहीत.

त्याच डिसेंबरात ब्लॅकस्टोन या मोठ्या परदेशी गुंतवणूक कंपनीने त्यातला आपला उरलेला सगळा हिस्सा विकला, साधारण 7,100 कोटींचा. व्हॉल्यूमचा (त्या दिवशी झालेल्या खरेदी-विक्रीचा) एवढा मोठा खांब बघून कुणालाही वाटेल की काहीतरी बिनसलंय, पण तो एक मोठा मालक बाहेर पडत होता, बिल्डिंगमधले भाडेकरू जिथल्या तिथे होते.

भाडेकरूंचं मी डोळ्याने बघितलेलं सांगतो. मी मुलुंडहून ऐरोलीला कामाला जातो, पुलावरून बसने. कोविडनंतर आमच्या समोरच्या बिल्डिंगचे कितीतरी मजले संध्याकाळी काळोखात असायचे, गेटवरचा चहावाला सहालाच आवरायचा. एसईझेडची (निर्यातीसाठी टॅक्सची सूट देऊन नेमलेल्या खास विभागाची) जागा असली की बाहेरच्या साध्या कंपनीला ती देता येत नव्हती आणि एसईझेडवाल्या नवीन कंपन्या येत नव्हत्या, कारण टॅक्सची सूट संपलेली. मग डिसेंबर 2023 मध्येच सरकारने एकेक मजला एसईझेडमधून वेगळा काढायला परवानगी दिली. त्यानंतर तिथे हळूहळू फर्निचरचे टेम्पो यायला लागले, एकेका मजल्यावर लाईट दिसायला लागले, आता चहावाला रात्री नऊपर्यंत असतो. रिटचं उत्पन्न तिथे ठरतं, आरएसआय 30 च्या खाली गेला म्हणून नाही.

चार्ट बघूच नका असं मी म्हणत नाही, व्याजदर बदलतात तेव्हा रिटचा भाव कसा हलतो ते चार्टवर छान दिसतं आणि कधी घ्यायचं याचा अंदाजही येतो. पण पूर्वी लॉट (एका वेळी किमान घ्यावी लागणारी युनिटं) मोठा असायचा, 2021 पासून एक युनिटसुद्धा घेता येतं, त्यामुळे आता आईसारखी माणसं यात आहेत आणि ती आपला पेपर वाचून ठरवतात. म्हणून विनंती आहे की रिटचा चार्ट छापाल तेव्हा खाली तीन गोष्टी द्या, पुढची एक्स-डेट (जाहीर झाली असेल तर), मागच्या चार तिमाहींचं डिस्ट्रिब्युशन, आणि किती टक्के जागा भाड्याने गेलीय. आणि जमलं तर डिस्ट्रिब्युशन धरून काढलेली दुसरी रेघ त्याच चार्टवर दाखवा. तिमाहीचे निकाल आले की ही सगळी माहिती एक्स्चेंजच्या साईटवर फुकट असते, मी स्वतः आता वहीत लिहून ठेवतो आणि एक्स-डेटच्या आदल्या दिवशी स्टॉपलॉस तेवढ्याच रुपयांनी खाली घेतो.

आपला,
एक वाचक, मुलुंड पूर्व, मुंबई