महापौर कोण, यापेक्षा मॅनेजर कोण हे विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या एखाद्या शहराविषयी मराठीत वाचताना 'महापौरांनी वटहुकूम काढला' असे वाक्य वरचेवर भेटते. लाख-दोन लाख वस्तीच्या शहरांपुरते बोलायचे, तर त्यात बहुतेक वेळा 'महापौर' आणि 'वटहुकूम' हे दोन्ही शब्द चुकलेले असतात. तिथला ऑर्डिनन्स म्हणजे वटहुकूम नव्हे. सभागृहात मांडून, लोकांचे म्हणणे ऐकून, मतदानाने मंजूर झालेला तो शहराचा कायदा. तो महापौर काढत नाही, कारण अशा अनेक शहरांत महापौर हा सिटी कौन्सिलचाच, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहाचाच, एक सदस्य असतो. बैठक तो चालवतो, पण मत त्याला एकच. न्यूयॉर्क-शिकागोच्या महापौरांवरून बाकीच्या शहरांचा अंदाज बांधला की हा घोटाळा होतो.

या शहरांचा रोजचा कारभार निवडून न आलेला सिटी मॅनेजर पाहतो. व्हर्जिनियातल्या स्टँटनने 1908 मध्ये असा अधिकारी पहिल्यांदा नेमला. साउथ कॅरोलायनातल्या समटरने 1912 मध्ये ही पद्धत रीतसर स्वीकारली. देशभर तिचे नाव झाले ते मात्र ओहायोतल्या डेटनमुळे. मार्च 1913 च्या महापुरात डेटन बुडाले आणि त्याच वर्षी तिथल्या मतदारांनी शहराची नवी सनद, म्हणजे कारभाराचा मूळ कायदा, मंजूर केली. 1914 मध्ये हेन्री वेट हे इंजिनिअर पहिले मॅनेजर म्हणून आले. आज सुमारे 1,37,000 वस्तीच्या डेटनमध्ये महापौर धरून निवडून आलेले पाचच सदस्य आहेत आणि मॅनेजर त्यांनीच नेमलेला असतो.

कौन्सिल स्वतः फार थोड्या माणसांची नेमणूक करते: मॅनेजर, शहराचा वकील, कुठे क्लर्क (शहराचे दप्तर सांभाळणारा अधिकारी), कुठे ऑडिटर. पोलीसप्रमुख किंवा बांधकाम खात्याचा प्रमुख यांना नेमणे आणि काढणे मॅनेजरच्या हातात. अनेक सनदांत तर स्पष्ट कलमच असते की, सदस्याने माहिती जरूर विचारावी, पण मॅनेजरला डावलून कर्मचाऱ्याला हुकूम देऊ नये. हे कलम कशासाठी, ते रस्त्यांच्या उदाहरणाने कळते. प्रत्येक रस्त्याच्या पृष्ठभागाला 0 ते 100 असे गुण दिलेले असतात. सत्तरच्या वरच्या रस्त्यावर वेळेत पातळ थर दिला तर तो थोडक्या पैशात कित्येक वर्षे टिकतो. पार उखडलेला रस्ता मुळापासून करायला कित्येक पट खर्च येतो, म्हणून तो दुरुस्तीच्या यादीत मागे राहतो. खड्ड्यासमोर राहणाऱ्याला हे अन्यायाचे वाटते, तो सदस्याला फोन करतो, आणि सदस्याने थेट मुकादमाला तिकडे पाठवले की यादी कोसळते. मग त्याच वर्षी चांगले दहा रस्ते हातचे जातात. यादीच चुकीची वाटत असेल तर ती बदलण्याची जागा सभागृह आहे, सदस्याचा फोन नाही.

पुढचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, म्हणून कॅलिफोर्नियाचेच सांगतो. तिथल्या सर्वसाधारण कायद्याने चालणाऱ्या, म्हणजे स्वतःची सनद नसलेल्या, शहरांत कौन्सिल बहुधा पाच जणांची असते. ऑर्डिनन्स एका बैठकीत मांडायचा, त्यानंतर किमान पाच दिवसांनी मंजूर करायचा, आणि तो लागू होतो मंजुरीनंतर 30 दिवसांनी. हे 30 दिवस नागरिकांसाठी राखलेले असतात. तेवढ्यात शहरातल्या नोंदणीकृत मतदारांपैकी 10 टक्क्यांच्या सह्यांचा अर्ज आला, तर कायदा थांबतो. कौन्सिलने तो मागे घ्यायचा, नाहीतर मतदारांपुढे ठेवायचा. तातडीचा म्हणून लगेच लागू करायचा असेल तर चार पंचमांश मते लागतात, म्हणजे पाचात चार. 'तातडी'चे कारण काय लिहिले आहे, ते म्हणूनच नीट वाचावे.

1953 च्या ब्राऊन कायद्यानुसार, म्हणजे राज्याच्या खुल्या बैठकांच्या कायद्यानुसार, नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते, आणि मोजके अपवाद वगळता तिच्यात नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. पाचांच्या कौन्सिलमध्ये दोन सदस्य एखाद्या विषयावर आपसात बोलू शकतात. तेच बोलणे ई-मेलने किंवा मध्यस्थामार्फत तिसऱ्यापर्यंत पोहोचले, तर बहुमताची चोरून बैठक झाली असे कायदा मानतो. कोर्टाचे दावे, जमिनीच्या किमतीची बोलणी, कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी अशा मोजक्या कामांसाठी बंद दाराआड बसता येते.

पण खरी गफलत उघड बैठकीतच होते. विषयपत्रिकेच्या सुरुवातीला 'कन्सेंट कॅलेंडर' नावाचा गठ्ठा असतो. त्यातले पंधरा-वीस विषय चर्चेविना एकाच मताने मंजूर होतात. बहुतेक खरोखरच किरकोळ असतात: मागच्या बैठकीचे इतिवृत्त, बिलांची यादी. त्यांच्यातच कधी पाच वर्षांचा कंत्राटाचा करार किंवा कर्मचारी संघटनेशी झालेला वेतनकरार सरकवलेला असतो. कोणत्याही सदस्याला एखादा विषय गठ्ठ्यातून बाहेर काढून स्वतंत्र मतदान मागता येते. आदल्या दिवशी त्याला तसे कळवणे, हे मध्यरात्रीपर्यंत चाललेल्या सुनावणीत भाषण करण्यापेक्षा जास्त उपयोगी ठरते.

पैशाकडे बघतानाही असाच विवेक हवा. आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते, अंदाजपत्रकाचा मसुदा साधारण मे महिन्यात येतो. पाणी आणि सांडपाण्याचा निधी वेगळा असतो. त्यातून पोलिसांचा पगार देता येत नाही. वाद होतो तो सर्वसाधारण निधीवर, आणि अनेक शहरांत त्याचा अर्ध्याहून अधिक भाग पोलीस व अग्निशमन दलावर जातो. मालमत्ता कर 1978 पासून नोंदलेल्या मूल्याच्या 1 टक्क्याशी बांधलेला आहे, ते मूल्य वर्षाला फार तर 2 टक्के वाढवता येते, आणि त्या करातही काउंटी (जिल्हा) व शाळा यांचा वाटा असतो. शाळा तर कौन्सिलच्या अखत्यारीतच नसतात. त्यांचे मंडळ वेगळे निवडले जाते. उत्पन्न असे बांधलेले, आणि निवृत्तांना दिलेली पेन्शनची वचने पुढच्या तीस-चाळीस वर्षांची. तेजीच्या काळात केलेले करार मंदीत झेपत नाहीत. 2008 मध्ये व्हॅलेहो आणि 2012 मध्ये स्टॉकटन दिवाळखोरीत गेले, त्यामागे हे एक मोठे कारण होते.

मॅनेजर-पद्धतीतला सर्वात मोठा धोका मात्र कॅलिफोर्नियातल्याच बेल या छोट्या शहराने दाखवला. 2005 मध्ये तिथे स्वतंत्र सनदेसाठी विशेष मतदान झाले. 400 हूनही कमी लोकांनी मत दिले, सनद मंजूर झाली आणि सदस्यांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा सुटली. 2010 मध्ये उघड झाले की मॅनेजर रॉबर्ट रिझो यांचा मूळ पगार वर्षाला सुमारे 7,87,000 डॉलर होता, आणि अर्धवेळ काम करणारे बहुतेक सदस्य क्वचितच बसणाऱ्या उपमंडळांचे भत्ते धरून लाखाच्या आसपास डॉलर घेत होते. ज्यांनी लक्ष ठेवायचे, तेच वाटेकरी झाले होते. रिझो यांना 2014 मध्ये 12 वर्षांची शिक्षा झाली. आता मॅनेजरचा पगार ऐनवेळी बोलावलेल्या विशेष बैठकीत ठरवता येत नाही, आणि शहरांतल्या पदांचे पगार राज्याच्या संकेतस्थळावर पाहता येतात. तरीही मॅनेजरचे वार्षिक मूल्यमापन बंद दाराआडच होते. त्यामुळे त्याच्या करारातली दोन कलमे उघडून पाहावीत: मुदतीआधी काढल्यास किती महिन्यांचा पगार द्यायचा, आणि पगारवाढ आपोआप होते का.

तिथे राहणाऱ्या, पण नागरिकत्व नसलेल्या मराठी मंडळींचा समज असतो की मत नाही म्हणजे काहीच हातात नाही. हा समज मला फार खटकतो. बैठकीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. हजर राहण्यासाठी नाव नोंदवण्याचीही सक्ती करता येत नाही. 2019 च्या राज्य कायद्याने शहराच्या समित्यांवर नेमणूकही खुली झाली आहे. घर स्वतःचे असेल तर आणखी एक हत्यार आहे. पाणीपट्टी वाढवण्यापूर्वी शहराला सुनावणीच्या किमान 45 दिवस आधी टपालाने नोटीस पाठवावी लागते, आणि निम्म्याहून अधिक मालमत्तांकडून लेखी हरकती आल्या तर वाढ करता येत नाही. एका मालमत्तेची एकच हरकत मोजतात. तिच्यावर पत्ता किंवा मालमत्तेचा क्रमांक आणि सही हवी, आणि सुनावणी संपण्याआधी ती क्लर्कच्या हातात पडलेली हवी. नुसत्या बोलण्याची गणती त्यात होत नाही.

आपला,
एक वाचक