‘ईजीएफआर’ तपासणी उपचारांच्या आधी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुफ्फुसाचा कर्करोग म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न विडी-सिगारेटचा येतो. करवीर तालुक्यातील माझ्या वहिनींनी उभ्या आयुष्यात मिश्रीसुद्धा लावली नाही. चार महिने क्षयाची औषधे घेऊनही त्यांचा खोकला हटेना, तेव्हा केलेल्या बायोप्सीत अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा फुफ्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार निघाला.

जीवशास्त्राचा निवृत्त शिक्षक म्हणून यामागचे विज्ञान सांगणे मला गरजेचे वाटते. पेशीच्या आवरणावर ‘ईजीएफआर’ नावाचा रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारे प्रथिन, असतो. वाढीचा संदेश बाहेरून आला की तो जागा होतो, पेशीला विभाजनाची आज्ञा पोहोचवतो आणि काम झाले की शांत होतो. मात्र त्याच्या जनुकाच्या १९व्या किंवा २१व्या एक्झॉनमध्ये (जनुकाच्या तुकड्यात) विशिष्ट बदल झाला, की कोणताही संदेश नसताना तो चालूच राहतो आणि पेशी वाढत, पसरत जातात. २००४ साली हे बदल उजेडात आले, तेव्हा गेफिटिनिब ही या रिसेप्टरला रोखणारी गोळी मोजक्याच रुग्णांना का लागू पडते, याचा उलगडा झाला. भारतात अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या सुमारे पाव किंवा त्याहून अधिक रुग्णांत हे बदल आढळतात. धूम्रपान न करणाऱ्यांत आणि स्त्रियांत त्यांचे प्रमाण जास्त असते.

पण केवळ स्त्री आहे, विडी ओढत नाही, एवढ्यावरून गोळी सुरू करणेही घातक ठरते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, आशियाई रुग्णांवरील ‘आयपास’ नावाच्या औषध-चाचणीत बदल असलेल्यांचा आजार गेफिटिनिबने केमोथेरपीपेक्षा अधिक काळ आटोक्यात ठेवला. बदल नसलेल्यांत नेमके उलटे घडले.

वहिनींच्या बाबतीत ‘ईजीएफआर’ जनुकातील या बदलांची तपासणी आधी सुचवलीच गेली नाही. पहिल्या बायोप्सीचा तुकडा संपला होता, म्हणून अशक्त अवस्थेत पुन्हा सुई टोचावी लागली आणि अहवाल हाती येईपर्यंत केमोच्या दोन फेऱ्या उरकल्या होत्या. अहवालात १९व्या एक्झॉनमधील बदल निघाला. त्या फेऱ्यांत त्यांचे झालेले हाल आठवले की आजही जीव तुटतो.

जिल्ह्यातील डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, की बायोप्सी करतानाच या तपासणीपुरता तुकडा राखून ठेवावा आणि तो अपुरा पडल्यास रक्तावरील चाचणीचा पर्याय नातेवाइकांना सांगावा. गोळीलाही पेशी कालांतराने दाद देईनाशा होतात, पुष्कळदा त्याच जनुकातील ‘टी७९०एम’ या नव्या बदलामुळे. त्या वेळी पुन्हा तपासूनच पुढचे औषध ठरवावे लागते. या दोन्ही वेळच्या तपासणीचा खर्च शासनाने उचलावा. आम्ही तो कसाबसा भागवला; उसाच्या फडात राबणाऱ्या कुटुंबाला तो झेपणार नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर