विषय: बंगला क्र. ७ मधील एअर रायफल व आमच्या गच्चीवरील वाळवण (तिसरा अर्ज)

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

महोदय,
स. न. वि. वि.

पहिल्या अर्जाची पोच मिळाली. दुसऱ्यावर सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे ‘वाचले’ की ‘चालू द्या’, ते कळले नाही. बंदूक मात्र चालू राहिली.

बंगला क्र. ७ च्या सभासदांनी मार्चमध्ये नवी एअर रायफल आणली. नळी खाली मोडून स्प्रिंग दाबायची, छर्रा भरायचा, नळी सरळ करून चाप ओढायचा, त्यातली. दर रविवारी सकाळी सातला परसात सुरू. मला बंदुकीचे वावडे नाही. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमध्ये मी .२२ रायफल झाडलेली आहे. पण तिथे लाल निशाण लागल्याशिवाय आणि समोर मातीचा बांध असल्याशिवाय उस्ताद काडतूस हातात ठेवत नसत. इथे बांध म्हणजे आमच्या दोघांमधली पाच फुटी भिंत, तिला टेकवलेला प्लायवूडचा तुकडा आणि त्यापुढे तेलाचा रिकामा डबा.

पहिल्याच रविवारी मी आवाजाबद्दल विचारायला गेलो. चहा मिळाला, हे नमूद करतो. “नवी आहे काका, आतले तेल जळते म्हणून बार मोठा होतो. शंभर-दीडशे छर्ऱ्यांत शांत होईल.” मी ते मान्य केले आणि मोजू लागलो. काल आकडा ४१२ झाला. धुराचा वास गेला, हे खरे. आवाज आहे तिथेच आहे.

४.५ मिमी व्यासाच्या आणि २० ज्यूल ऊर्जेच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, हे त्यांनी मला मोबाईलवर दाखवले. बरोबर आहे. परवाना लागत नाही म्हणून मागे बांधही लागत नाही, असे कुठे लिहिलेय ते मात्र दाखवले नाही. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या अविचारी कृत्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १२५ आहे. मला तिथवर जायचे नाही. आपल्या उपविधींत ‘इतर सभासदांना उपद्रव, त्रास वा गैरसोय’ हे शब्द आहेत, तेवढे मला पुरेत. (माझ्या पत्र्याच्या शेडचा मुद्दा या अर्जात कृपया आणू नये. त्याचे उत्तर मी वेगळे दिले आहे.)

मुलाला स्वप्नील कुसाळे करायचे आहे म्हणतात. आनंद आहे. पण स्वप्नीलने २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवले ते ५० मीटरमध्ये, .२२ रायफलने. एअर रायफलचे अंतर १० मीटर, म्हणजे जवळपास ३३ फूट. त्यांचे परस पंचवीस फूट आहे. १० मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. इथे पंधरा किलोचा डबा चुकतो. शिवाय मुलगा झोपलेला असतो, नेम वडीलच धरतात.

गेल्या रविवारी आमच्या सौ.नी गच्चीवर साबुदाण्याचे पापड घातले होते. संध्याकाळी काढताना एकात छर्रा निघाला. छर्रा शिशाचा असतो, त्यामुळे सगळे वाळवण टाकून द्यावे लागले. त्या वेळी सौ. गच्चीवर असत्या तर? हा प्रश्न मी सेक्रेटरींना विचारला. ते म्हणाले, “हौस आहे हो, महिनाभराने उतरेल.” दिवाळीतले सुतळी बॉम्ब, माझ्या अंगणात येणारे क्र. ७ च्या टाकीचे पाणी आणि २०१९ च्या महापुरात त्यांनी नेलेली माझी अ‍ॅल्युमिनियमची शिडी यांबद्दलही हेच ऐकले होते. शिडी अजून यायची आहे.

बंगला क्र. ५, ८ व ११ यांचे मत माझ्यासारखेच आहे. सही करायला त्यांना सवड झालेली नाही.

मागणी मोठी नाही. नेमबाजी शिकायची तर कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे, तिथे जावे. ते जमेपर्यंत नेमामागे वाळू भरलेली जाड लाकडी पेटी ठेवावी आणि बंदुकीचे तोंड स्वतःच्या घराकडे करावे. स्वतःच्या खिडक्या समोर आल्या की नेम आपोआप सुधारेल. पापडांचे साहित्य भरून द्यावे. समितीने रविवारी सातला माझ्या गच्चीवर पाहणीस यावे. चहा मी देईन.

आपला,
सभासद, बंगला क्र. ६

सोबत :
१) छर्रा, पापडासह, प्लास्टिकच्या पिशवीत
२) शिडीच्या खरेदीची पावती