एका रडण्याबद्दल आभार

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

'म्यूल' (mewl) या एका इंग्रजी क्रियापदापायी तुम्ही अख्खी संध्याकाळ मला दिलीत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे उघड पत्र. (खेचराच्या 'म्यूल'चा उच्चारही हाच, स्पेलिंग वेगळं आणि नातं काही नाही.)

शब्दकोशात अर्थ होता: क्षीण आवाजात रडणं. पण तेवढ्यानं भागत नव्हतं. मी अनुवाद करत होते त्या कथेतलं बाळ जेमतेम दोन दिवसांचं. मी तुमच्यापुढे 'मुळूमुळू', 'मुसमुसत', 'हुंदके देत' असे पर्याय ठेवले आणि तुम्ही एकेक करून बाजूला सारलेत. मुळूमुळू रडायचं तर डोळ्यांतून पाणी ओघळायला हवं. नवजात बाळाला पहिले काही आठवडे रडताना सहसा अश्रू येतच नाहीत. मुसमुसणारा रडू दाबत असतो; बाळ कशाला दाबेल? हुंदके यायला आधी भरपूर रडून झालेलं लागतं. टाहो नि भोकाड ही तर ताकदीची कामं! उरला नुसता आवाज, बारीक आणि तुटक, मांजराच्या पिल्लाचा असतो तसा. इंग्रजी शब्दही अशा आवाजाच्या नकलेतूनच आलाय, हे तुम्ही सांगितलंत आणि वाक्य जमलं: 'बाळ बारीक आवाजात केविलवाणं रडत होतं.' साधंच आहे, पण चपखल बसलं.

पुढे हाच शब्द मालकाच्या तोंडी येतो, कारकुनाला झापताना. मोठ्या माणसाला लावला की त्यातली कीव जाते आणि तुच्छता येते, हे तुमच्यामुळे कळलं. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मध्ये माणसाच्या सात अवस्थांपैकी पहिलीत, दाईच्या कुशीतलं बाळ असंच रडतं आणि ओकतं. तिथंही बोलणाऱ्याचा सूर कौतुकाचा नाहीच. कारकुनाच्या वाट्याला मग 'ही पिरपिर बंद कर!' आलं. 'व्हिम्पर' (whimper) आणि 'व्हाइन' (whine) या रडण्याच्याच आणखी दोन इंग्रजी शब्दांचा गुंताही तुम्ही जाता जाता सोडवलात: पहिल्यात भीती किंवा वेदना, दुसऱ्यात कुरकुर.

अनुवाद छपाईला गेलाय. पहिली प्रत तुमची. ऋणनिर्देशात नाव नको म्हणालात, म्हणून ते इथंही लिहिलेलं नाही.

आपली,
एक अनुवादक