नोकरी सोडल्याचं पत्र

ती. आई-बाबांना
सा. न.

शाळेचा राजीनामा मंजूर झाला. फोनवर सांगितलं असतं तर आईने फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबा नुसते "हं" म्हणाले असते. म्हणून पत्र.

घाईत सोडलेली नाही. फंडाचे पैसे मिळतील, चित्रकलेच्या शिकवण्या आहेत, ह्यांचा पगार आहेच. आईच्या औषधांचे पैसे नेहमीसारखे पहिल्या तारखेला येतील, त्यात बदल नाही.

आणि आता जे कलेच्या मांडणीचं काम करणार आहे, ते कुठे आहे माहीत आहे? पणजीला, बाबांच्या जुन्या सचिवालयात! युसुफ आदिलशहाचा राजवाडा, १७५९पासून १९१८पर्यंत व्हाइसरॉयचं घर, पण मला ते बाबांचं ऑफिसच. २००० साली विधानसभा पर्वरीला गेली आणि पुढे तिथे कलाप्रदर्शनं भरू लागली. माझी मांडणी त्या वास्तूपुरतीच, दुसऱ्या हॉलमध्ये नेली तर नुसती अडगळ. भिंतीला खिळा मारायचा नाही, म्हणून चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगतो त्या माटोळीसारखी बांबूची चौकट उभी करून तिला लाल फडक्यांतली बासनं टांगणार. खाली टेबल, त्यावर आवक-जावक रजिस्टर, आणि कारकून मी. येईल त्याने कधीच उत्तर न आलेला आपला अर्ज लिहायचा. मी नंबर घालून शिक्का मारणार. ह्याला नाटक म्हणा हवं तर.

बाबा, काणकोणचा तो अर्ज लिहाल? नको वाटलं तर राहू दे, नुसते बसा.

१९८६च्या पावसात मांडवीवरचा पूल पडला तेव्हा बेतीहून फेरीबोटीने मला तिथे नेलं होतंत. मांडवीकडच्या खिडकीत बसवून शिक्क्याच्या पॅडवर बोटं दाबू दिलीत. आईने लिंबाची फोड घेऊन घासघास घासली, तरी चवथीत मोदक वळताना नखं निळीच.

तर, कदंब बसच्या गर्दीतून यायचं नाही, मी गाडी पाठवते. आईसाठी पाठीची खुर्ची खालीच ठेवली आहे, जिना चढायचा नाही. बाबांनी प्रेशरची गोळी घेऊनच निघायचं, "तिथे घेतो" चालणार नाही. जेवण मी आणते, आई, उगाच डबे बांधत बसू नकोस. बरं, सोलकढी आण.

आणि वाड्यावर कोणी विचारलंच, तर "बाय सचिवालयात लागली" म्हणून सांगा. खोटं नाही ते.

तुमची,
बाय