रेषा वाकड्या आहेत, कबूल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्लीची मुलं चित्रं काढत नाहीत, कॉम्प्युटरकडून काढून घेतात, आणि त्यात हात जातो, असं एका वाचकाने गेल्या आठवड्यात याच सदरात लिहिलं होतं. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवली. हाताची काळजी मलाही आहे. पण नुकत्याच एका बालचित्र स्पर्धेत आमच्या एका मुलीच्या चित्राचं जे झालं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या माडीवर शनिवारी दुपारी आठ मुलं जमतात. भाच्याने पुण्याहून आणून दिलेला जुना लॅपटॉप आणि वाचनालयाचा एक कॉम्प्युटर, एवढ्यावर आम्ही ‘पीफाइव्ह जेएस’ खेळतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये २००१ साली केसी रीस आणि बेन फ्राय यांनी ‘प्रोसेसिंग’ सुरू केलं, चित्रकारांनाही प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून. लॉरेन मॅकार्थी यांनी पुढे तीच कल्पना ब्राउझरमध्ये आणली, ते हे पीफाइव्ह. फुकट आहे. डावीकडे प्रोग्रॅमच्या ओळी लिहायच्या, उजवीकडे चित्र उमटतं. पहिले दोन शनिवार नुसते सुटलेले कंस शोधण्यात गेले. गणिताच्या तासाला वाय वर वाढतो आणि इथे खाली, यावरून एकाने मला चांगलंच धारेवर धरलं.

त्याच पोराने पार्श्वभूमी रंगवायची ओळ चुकून ‘ड्रॉ’च्या बाहेर लिहिली. ‘ड्रॉ’मधल्या ओळी सेकंदाला साठेक वेळा पुन्हा पुन्हा चालतात. दर वेळी पार्श्वभूमी नव्याने रंगवून पाटी पुसली, तर गोल पळताना दिसतो. याची पाटी पुसायचीच राहिली, म्हणून गोलावर गोल साठत गेले आणि पडद्यावर जाडजूड गोम वळवळायला लागली. मी म्हटलं, दुरुस्त कर. तर म्हणतो, “थांबा बाई, आधी तिला पाय काढतो.”

वाक्य टाकून एआयकडून तयार चित्र मागवणं निराळं. त्याबद्दलची त्या वाचकांची तक्रार मलाही पटते. इथे मात्र एकेक ठिपका कुठे पडायचा हे मुलालाच ठरवावं लागतं.

आता ठिपक्यांचंच सांगते. सातवीतल्या एका मुलीने पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी करायला घेतली. मधली ओळ पंधराची, मग वर आणि खाली दर ओळीला एकेक ठिपका कमी, आणि प्रत्येक ओळ अर्ध्या घराने सरकवायची. आमच्या लहानपणी उदबत्तीने भोकं पाडलेला कागद असायचा. तो अंगणात ठेवून वरून रांगोळी फिरवली की ठिपके तयार. तो कागद म्हणजे प्रोग्रॅमच की, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं! तिने प्रोग्रॅमच्या डझनभर ओळींत ठिपके मांडले, त्यांवर कमळं जोडली. सुरेख झालं होतं. पण ती खूश नव्हती. म्हणाली, “ही दुकानातल्या स्टिकरसारखी दिसते. आमच्या आजीची अशी नसते.”

तिच्या आजीचा हात थरथरतो. मग तिने ‘रँडम’ ही दर वेळी कुठलाही आकडा देणारी सूचना वापरून प्रत्येक ठिपका जागचा जरासा हलवला. जास्तीत जास्त किती हलवायचं, तिथे आधी २० लिहिलं, तर भूकंप झाला. १० लाही कमळांचा चुरा. ३ वर आली, थोडा वेळ टक लावून बघत बसली, आणि शेवटी २ वर थांबली. तेही ‘ड्रॉ’मध्ये असल्यामुळे अख्खी रांगोळी पडद्यावर थरथरत होती. ते थांबवून एक चित्र धरलं आणि झेरॉक्सवाल्याकडून त्याची रंगीत प्रिंट काढून स्पर्धेला दिली.

परीक्षकांनी चित्र बाद केलं. मागे पेन्सिलने दोन शेरे होते: ‘कॉम्प्युटरने काढलेले’ आणि ‘रेषा सरळ नाहीत’. दोन्ही एकाच चित्रावर! मी मुद्दाम नावं घेत नाही. परीक्षक मीही होते, घाईत काय काय लिहिलं जातं ते मला ठाऊक आहे.

परवा भाच्याने व्हेरा मोल्नार यांच्याबद्दल सांगितलं. १९२४ साली बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या, रीतसर चित्रकला शिकलेल्या, पॅरिसला राहणाऱ्या या बाई १९६८ पासून कॉम्प्युटरवर चित्रं करत होत्या. चौकोनांची शिस्तशीर मांडणी करायची आणि तिच्यात चवीपुरता गोंधळ घालायचा, हा त्यांचा आवडता उद्योग. ऐंशीच्या दशकात त्यांनी स्वतःच्या आईचं हस्ताक्षर असंच प्रोग्रॅम लिहून उतरवलं. डावीकडे ताठ सुरू होणारं आणि उजवीकडे जाता जाता अस्वस्थ होणारं. २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांची चित्रं होती. डिसेंबर २०२३ मध्ये, शंभरीला महिना उरला असताना त्या गेल्या. आमच्या मुलीने त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. ती आजीच्या हातावरून तिथे पोचली.

स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की असं चित्र आलं तर सोबत त्याच्या प्रोग्रॅमच्या ओळीही मागवा. तेवढ्याने शंका फिटली नाही, तर मुलाला पाच मिनिटं समोर बसवा आणि एक आकडा बदलायला सांगा. दोनाचे सात केले तर काय होईल, हे ज्याने चित्र केलंय तो पडद्याकडे न बघता सांगेल. बाद करायचं तर मग करा, पण निदान एक कारण ठरवून.

बाद झालेली प्रिंट मुलगी घरी घेऊन गेली. आजीने चष्मा लावून वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, “पंधरा ते आठ ना ही? मग खालची आठाची ओळ कुठाय?” खरंच नव्हती. मधल्या ओळीखाली सात ओळी हव्या होत्या; पण लूप, म्हणजे तेच काम मोजून पुन्हा पुन्हा करायची सूचना, लिहिताना ‘सातपेक्षा कमी’ असं लिहिलं गेलं होतं, ‘सात किंवा कमी’ पाहिजे होतं. १६९ ठिपके हवेत, तिथे १६१ च होते. परीक्षकांना ते दिसलं नाही. मलाही नाही.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सातारा