ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गोळ्या तुटू देऊ नका, मदत करा

राम राम मंडळी. मुकादमांच्या उचली वाटून झाल्यात, दिवाळी झाली की टोळ्या कारखान्यावर निघतील. दारू सोडायच्या गोळ्या चालू असलेली आपल्या गावातली बरीच माणसं ह्याच टोळ्यांत जातात अन् घोटाळा तिथंच होतो. फडावर गोळ्या संपतात, दवाखान्याला जावं तर खाडा पडतो, पैसे कापतात, मग आज जाऊ उद्या जाऊ करत माणूस परत बाटलीवर येतो. म्हणून बचत गटाच्या बाया अन् ग्रामपंचायत मिळून यंदा गोळ्यांसाठी वर्गणी गोळा करायलोत.

डॉक्टरांनी काही जणांना नाल्ट्रेक्सोन लिहून दिलीय, ५० एमजी, रोज एक. हिच्यानं पिण्यातली मजाच कमी होते, तलफ मंदावते, अन् गोळीची सवय लागत नाही. पण आधी लिव्हरची रक्ततपासणी लागते, तिचाही खर्च आहे. काहींना अकॅम्प्रोसेट आहे, तीपण तलफ कमी करायचीच गोळी, ती ३३३ एमजीच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, म्हणजे महिन्याला १८० गोळ्या! पहाटेपासून हातात कोयता असलेल्या माणसानं हे कसं ध्यानात ठेवायचं, म्हणून प्रत्येकाला खणांची डबी पण घेऊन द्यायचीय.

एक हात जोडून सांगणं आहे. नवऱ्याला न सांगता चहात, भाजीत डायसल्फिरामची (दारू प्यायली की त्रास देणारी) गोळी कुटून घालू नका. बायांचा जीव किती मेटाकुटीला येतो ते आम्ही रोज बघतो, पण त्याच्यावर तो प्याला तर तोंड लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, जीवसुद्धा जाऊ शकतो, अन् गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ती गोळी घ्यायचीच तर त्याला माहीत असून, डॉक्टरला विचारून. तसंच रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, फिट येते. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा, नाहीतर १४४१६ ह्या सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

जमेल तेवढे द्या, एखाद्याचा एका महिन्याचा खर्च उचलला तरी लई झालं. पैसे आमच्या हातात नको, गावातल्या मेडिकलवर जमा करा अन् पावती घ्या. गोळ्या कुणाच्या ते चावडीवर कुणी बोलणार नाही. आणि ज्यांच्या गाड्या कारखान्याकडं जातात-येतात त्यांनी आत्ताच नाव सांगा, डॉक्टर महिन्याच्याच गोळ्या देतात, दर महिन्याला पाकीट पोचवायला माणूस लागणार आहे.